न दिसणाऱ्याचा वेध : कृष्णविवराची ओळख



सप्टेंबर २००८ मधली गोष्ट आहे. युरोपात जिनिव्हा शहराजवळ, जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात, ‘लार्ज हेड्रॉन कोलायडर’ नावाचे एक प्रचंड यंत्र सुरू होणार होते. आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी आधीपासूनच रंगवून सांगायला सुरुवात केली होती, की या यंत्रात कृष्णविवर तयार होईल आणि ते बघता बघता पृथ्वी गिळून टाकील. यंत्र १० तारखेला सुरू व्हायचे होते. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, उद्या शाळेत यायचं का?” मी हसलो. “ये की! गृहपाठ चुकवायला हे नवीन निमित्त बरं सापडलं,” असे काहीतरी बोललो आणि वर्गावर निघून गेलो.

ती मुलगी यंदा पालक म्हणून शाळेत आली. तिचा मुलगा बालवर्गात आहे. गप्पांच्या ओघात ती म्हणाली, “सर, त्या रात्री मी आईला बिलगून झोपले होते. तुम्ही हसलात, पण काही सांगितलं नाहीत.” खरे आहे. मी गणिताचा शिक्षक, कृष्णविवराबद्दल मला तेव्हा जुजबीच माहिती होती आणि ते कबूल करण्यापेक्षा हसणे सोपे होते. सतरा-अठरा वर्षांनी का होईना, तिला द्यायचे उत्तर आज लिहितो आहे.

आधी नावाबद्दल. इंग्रजीतले ‘ब्लॅक होल’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी १९६७ च्या सुमारास रूढ केले. मराठीत ‘कृष्णविवर’ हा शब्द घरोघर पोचला तो बराचसा डॉ. जयंत नारळीकरांमुळे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकरांनी एक कथा पाठवली, पण आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले. ‘ज. वि. ना.’ उलटे केले की ‘ना. वि. ज.’ होते, पाहा. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी ती कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या. कथेला पहिले बक्षीस मिळाले. कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. मंगलाताई २०२३ साली गेल्या आणि नारळीकर सर २० मे २०२५ रोजी. त्यांची पुस्तके आपल्यापैकी ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवावीत, एवढे जाता जाता सांगतो.

नाव सुंदर आहे, पण थोडे फसवे आहे. ‘विवर’ म्हटले की खड्डा, बीळ, विहीर असे काहीतरी डोळ्यापुढे येते. कृष्णविवर हे भोक नाही. तिथे वस्तुमान आहे, आणि ते अतिशय लहान जागेत कोंबलेले आहे. सगळा मामला या कोंबण्याचा आहे.

चेंडू वर फेकला की खाली येतो. जोरात फेकला तर जास्त उंच जाऊन खाली येतो. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने फेकता आला (आणि हवेचा अडथळा नसला) तर तो परत येणारच नाही. याला पृथ्वीचा मुक्तिवेग म्हणतात. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटायचे तर सेकंदाला सुमारे ६१८ किलोमीटर वेग हवा. आता असे समजा, की वस्तुमान तेवढेच ठेवून आपण गोळा दाबून लहान करत चाललो. पृष्ठभाग केंद्राच्या जवळ येतो, ओढ वाढते, मुक्तिवेगही वाढतो. दाबता दाबता एक वेळ अशी येते की मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर होतो. मग प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. प्रकाशाहून वेगवान काही नाही, म्हणजे काहीच बाहेर पडू शकत नाही.

किती दाबायचे? पृथ्वीची गोटी करावी लागेल. शब्दशः गोटी, पावणेदोन सेंटीमीटर व्यासाची. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर आहे, तो ६ किलोमीटरवर आणावा लागेल, म्हणजे सगळा सूर्य आपल्या उज्जैन शहराच्या हद्दीत बसवावा लागेल. ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधले जॉन मिचेल यांनी १७८३ साली आणि फ्रान्सचे लाप्लास यांनी १७९६ साली असे ‘काळे तारे’ असू शकतील असे मांडले होते. आइन्स्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त दिला. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने त्यातून नेमके गणित काढले आणि १९१६ साली तो आजाराने वारलाही. ज्या सीमेच्या आतून प्रकाश परत येत नाही तिला आज ‘घटनाक्षितिज’ म्हणतात. क्षितिजापलीकडचे जसे आपल्याला दिसत नाही, तसेच हे.

इथे त्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा येतो. कृष्णविवर गिळते का? समजा, एखाद्या जादूने आत्ता या क्षणी सूर्याचे त्याच वस्तुमानाचे कृष्णविवर झाले. पृथ्वीचे काय होईल? साधारण सव्वाआठ मिनिटांनी अंधार पडेल, पुढे भयंकर थंडी पडेल. पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही. ती आहे त्याच कक्षेत, वर्षाला एक फेरी, अशी फिरत राहील. कारण दुरून जाणवणारी ओढ दोनच गोष्टींवर ठरते, वस्तुमान किती आणि अंतर किती. गोळा लहान झाला म्हणून दूरवरच्या आपल्याला जाणवणारी ओढ वाढत नाही. वाढते ती अगदी जवळ जाणाऱ्याला. कृष्णविवर म्हणजे घर झाडायचा व्हॅक्यूम क्लीनर नव्हे.

जिनिव्हाच्या यंत्राचेही तेच. तिथे अणूहून कितीतरी लहान कण एकमेकांवर आदळतात. त्यातून समजा एखादे सूक्ष्म कृष्णविवर झालेच, तर त्याचे वस्तुमान त्या कणांच्या टकरीतल्या ऊर्जेइतकेच, म्हणजे नगण्य, आणि ओढही नगण्य. शिवाय त्याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळतच आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे. त्या यंत्राने पुढे ४ जुलै २०१२ रोजी जगाला हिग्ज कण सापडल्याची बातमी दिली. मला हे दहा वाक्यांत सांगता आले असते.

आणि सूर्याचे खरोखर कृष्णविवर होईल का? नाही. तो त्यासाठी फार लहान आहे. ताऱ्याचे मरण कसे येते ते भाकरीवरून समजून घ्या. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली भाकरी फुगते, कारण आतली वाफ पापुद्रा उचलून धरते. वाफ गेली की भाकरी बसते. ताऱ्यात गुरुत्वाकर्षण सगळे आत ओढत असते आणि अणुमीलनाची उष्णता त्याला बाहेर रेटत असते. इंधन संपले की तारा बसू लागतो. सूर्यासारखा तारा शेवटी पृथ्वीएवढा ‘श्वेत बटू’ होऊन थांबतो. पण प्रत्येक तारा थांबतो का? हा प्रश्न १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला शिकायला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी प्रवासातच सोडवायला घेतला. श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून जास्त असेल तर तो टिकू शकत नाही, असे त्यांचे उत्तर आले. १९३५ साली लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने त्याची चारचौघांत टर उडवली. (मोठ्या माणसांनी हसून वेळ मारून नेणे हा रोग फार जुना आहे.) चंद्रशेखर बरोबर होते. १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या मर्यादेपलीकडचा गाभा न्यूट्रॉन तारा होतो, आणि आणखी जड असेल तर त्याला थांबवणारे काही उरत नाही. तो कृष्णविवर होतो.

आता माझ्या आवडीचा भाग. मागच्या सहलीत आठवीच्या मुलांना घेऊन आपण वेधशाळेत गेलो होतो. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांशी उभे राहून एकाने विचारले, “सर, इथून ब्लॅक होल दिसतं का?” बाकीची मुले हसली. मी या वेळी हसलो नाही.

शिप्रेकाठची ही वेधशाळा सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते माळव्याचे सुभेदार असताना बांधली. १९२३ साली माधवराव महाराज शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तिचे काम ज्यांनी सांभाळले त्यांत गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्गणिती होते. तिथे दुर्बीण लागत नाही. दगडाचा कोन, त्यावर आखलेल्या खुणा आणि रोज त्याच वेळी येऊन नोंद करणारा माणूस, एवढ्यावर काम चालते. आज ग्रह कुठे आहे, उद्या कुठे, महिन्याने कुठे. कृष्णविवर शोधले गेले ते याच रीतीने. ते दिसत नाही, पण त्याच्याभोवती फिरणारे दिसते, आणि फिरण्याची नोंद ठेवली की मधल्या न दिसणाऱ्याचे वजन करता येते.

राजहंस तारकासमूहातून येणारे जोरदार क्ष-किरण १९६४ साली रॉकेटवरच्या उपकरणांनी टिपले. त्या जागी एक निळसर तारा साडेपाच दिवसांत कशाभोवती तरी फेरी घालताना १९७१-७२ मध्ये आढळला, आणि ज्याभोवती तो फिरतो ते दिसत मात्र नव्हते. ताऱ्यावरून ओढलेला वायू त्या अदृश्य सोबत्याभोवती भोवऱ्यासारखा फिरताना तापतो आणि क्ष-किरण देतो. ‘सिग्नस एक्स-१’ हे पहिले सर्वमान्य कृष्णविवर. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली ते कृष्णविवर नाही अशी पैज आपल्या मित्राशी लावली होती, आणि १९९० साली हार मानली. ताज्या मोजणीनुसार त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट आहे.

पण वजन करण्याचा खरा नमुना आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात आहे. १९९० च्या दशकापासून दोन गट, जर्मनीत राइनहार्ड गेन्झेल यांचा आणि अमेरिकेत अँड्रिया गेझ यांचा, तिथल्या ताऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षे नोंदवत राहिले. मध्ये धूळ फार, त्यामुळे साधा प्रकाश येत नाही. अवरक्त किरणांत पाहावे लागते. त्यातला ‘एस-२’ नावाचा तारा लांबट कक्षेत एका रिकाम्या दिसणाऱ्या जागेभोवती फिरतो. एका फेरीला १६ वर्षे लागतात. २००२ साली आणि मे २०१८ मध्ये तो अगदी जवळून गेला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७,७०० किलोमीटर होता.

आता वही घ्या. केप्लरचा तिसरा नियम असा वापरता येतो : कक्षेची सरासरी त्रिज्या सूर्य-पृथ्वी अंतराच्या पटीत घ्या आणि तिचा घन करा, फेरीचा काळ वर्षांत घ्या आणि त्याचा वर्ग करा, घनाला वर्गाने भागा. उत्तर म्हणजे मधल्या वस्तूचे वस्तुमान, सूर्याच्या पटीत. पृथ्वीसाठी १ चा घन भागिले १ चा वर्ग, म्हणजे १ सूर्य. बरोबर. गुरूसाठी ५.२ चा घन १४०.६ आणि ११.८६ चा वर्ग १४०.७. पुन्हा १ सूर्य. नियमावर विश्वास बसला? मग एस-२. त्याची सरासरी त्रिज्या सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १,००० पट. घन झाला १,००,००,००,०००. सोळाचा वर्ग २५६. भागाकार करा.

३९,०६,२५०.

सुमारे चाळीस लाख सूर्य! आणि हा तारा मध्याच्या इतक्या जवळून, सूर्य-पृथ्वी अंतराच्या फक्त १२० पट अंतरावरून जातो, की हे सगळे वस्तुमान त्याहून आतल्या जागेत असलेच पाहिजे. एवढ्या जागेत चाळीस लाख सूर्य दाटून बसवलेले आणि प्रकाशाचा पत्ता नाही, हे कृष्णविवराखेरीज दुसऱ्या कशाने समजावता येत नाही. ते बुधाच्या कक्षेत सहज मावेल एवढे आहे. गेन्झेल आणि गेझ यांना २०२० साली नोबेल मिळाले, रॉजर पेनरोज यांच्याबरोबर. पेनरोज यांनी कृष्णविवरे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून अटळपणे येतात हे गणिताने दाखवले, आणि त्यात कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ चे समीकरण कामी आले. हा भागाकार मी फळ्यावर केला तेव्हा तो वेधशाळेतला मुलगा म्हणाला, “एवढंच?” हो, एवढेच. बाकी सगळे कष्ट त्या ‘१६’ आणि ‘१,०००’ या दोन आकड्यांसाठी होते.

ही जागा उज्जैनहून दाखवता येते. आकाशगंगेचे केंद्र विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला, वृश्चिकाची नांगी आणि धनू रास यांच्यामध्ये आहे. आपले अक्षांश २३ अंश. नव्वदातून दोन्ही वजा करा. दक्षिण क्षितिजापासून ३८ अंश उंच. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ सुमारे १० अंश झाकते, म्हणजे चार मुठींना थोडे कमी. वेधशाळेतले दक्षिणोत्तर भित्ती यंत्र ज्या प्रकारचे कोन मोजते, तो हाच. गणपतीच्या दिवसांत आरती झाली की आठच्या सुमारास दक्षिणेला, जरा पश्चिमेकडे पाहा. कृष्णविवर अर्थात दिसणार नाही. पण आपण ज्या दिशेला बघतो आहोत तिथे, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, ते आहे.

तिथेच जवळ मूळ नक्षत्र आहे, आणि ‘मूळ’ या नावावरून आपल्या पूर्वजांना आकाशगंगेचे केंद्र ठाऊक होते असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात. मुलांनो, त्याला पुरावा नाही. आपण आकाशगंगेच्या मध्यावर नाही आणि मध्य त्या बाजूला आहे, हे विसाव्या शतकात हार्लो शॅप्ली यांच्या मोजणीनंतर कळू लागले. वराहमिहिरांच्या गावात राहणाऱ्यांना उसन्या मोठेपणाची गरज नसावी.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांनी पाहिली आहेत. १० एप्रिल २०१९ रोजी ‘एम-८७’ या दूरच्या दीर्घिकेतल्या, साडेसहा अब्ज सूर्यांएवढ्या कृष्णविवराचे, आणि १२ मे २०२२ रोजी आपल्या केंद्रातल्या कृष्णविवराचे चित्र जाहीर झाले. जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून ते मिळवले. त्यातले नारिंगी कडे म्हणजे तापलेला वायू. मधला काळोख ही कृष्णविवराची सावली. नारिंगी रंग शास्त्रज्ञांनी भरलेला आहे, हेही लक्षात असू द्या.

यात आपली मराठी माणसे कुठे आहेत, असे विश्वस्तांपैकी एकांनी विचारले होते. नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या ‘आयुका’ या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या आसपासपासून एका विलक्षण प्रश्नावर काम करत होते : दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत आदळली तर अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी गोंगाटातून वेगळ्या कशा काढायच्या? जत्रेच्या गर्दीत आपल्या मुलाची हाक ओळखावी, तसा हा प्रश्न. हाक कशी असेल हे आधी माहीत असेल तरच ती ऐकू येते. त्या काळी अशी लहर कोणी टिपलीही नव्हती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या ‘लायगो’ यंत्रांनी ती टिपली. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एक झाली, झालेले कृष्णविवर ६२ चे, आणि उरलेल्या ३ सूर्यांचे वस्तुमान लहरींच्या रूपाने उधळले गेले. इथे पोचेपर्यंत ती लहर इतकी क्षीण झाली होती, की ४ किलोमीटर लांबीच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या भागाएवढीच बदलली. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर हेही कृष्णविवरांच्या गणितातले जगभर मानले जाणारे नाव आहे.

तशीच एक लायगो आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. महाकालाच्या गावाहून औंढ्याला दर्शनाला जाणारी कुटुंबे आपल्यात आहेत. पुढे कधी गेलात तर मुलांना तेही ठिकाण दुरून का होईना दाखवा. आजची आठवी-नववीची मुले शिकून बाहेर पडतील तेव्हा तिथे माणसे लागणार आहेत.

गणेशोत्सवातल्या पहिल्या शनिवारी रात्री आठ वाजता शाळेच्या गच्चीवर जमायचे आहे. गच्चीवरचे दिवे बंद ठेवू. सातवीच्या पुढच्या मुलांनी एस-२ चे गणित वहीत करून आणावे, कक्षेची त्रिज्या १,००० ऐवजी १,०२५ धरून. उत्तर किती बदलते ते पाहू. पालकांनी जरूर यावे, लहान भावंडांनाही आणावे. बालवर्गातल्या एका मुलाच्या आईला मी वेगळे निमंत्रण दिले आहे. ढग असले तर पुढच्या शनिवारी.